कॅसेट भरून मिळेल

सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता शहाणं माणूस रस्त्यावर उतरत नाही. पण तुम्हाला नेमकी तीच वेळ मिळाली आहे, त्याला इलाज नाही. साल १९९२. डोक्याला रुमाल गुंडाळा, कान झाका. मोबाइल आणलाच असेल तर खिशात राहू द्या, इथे त्याचा उपयोग फार तर वारा घ्यायला होईल. आणि हो, तुमचं वय इथे १९ धरलं आहे. तक्रार करू नका, पुढे कामाला येईल.

नवी पेठेत डांबर मऊ झालंय, चप्पल उचलताना तळ चिकटतो. अर्धी दुकानं शटर खाली ओढून आत झोपलीत. भाजक्या शेंगांचा वास येतोय, पण शेंगा भाजणारा कुठे दिसत नाही. बहुतेक तोही सावली शोधत गेला असावा. एक कुत्रं पाणपोईच्या रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडलंय. तुम्ही त्याला ओलांडून गल्लीत शिरा. खडूने लिहिलेली पाटी दिसेल: कॅसेट भरून मिळेल.

दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढी खोली. भिंतीला लागून डेकवर डेक रचलेत. एकात चिरंजीवीचा ‘गँग लीडर’, दुसऱ्यात आनंद शिंदे, तिसऱ्यात कन्नड ‘प्रेमलोक’. सगळ्यांचा आवाज बंद आहे, नुसते हिरवे-तांबडे दिवे आपापल्या गाण्याच्या तालावर वरखाली होतायत. तीन भाषा एका फळीवर मुकाट्याने नाचताना बघायच्या असतील तर सोलापूरसारखं ठिकाण नाही. तापलेल्या मशिनांचा, स्पिरिटच्या बोळ्याचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास नाकात बसतो, तो आठवडाभर निघणार नाही.

“काय मालक, काय भरू?”

मेटॅलिका म्हणा.

“ते धडाधडा इंग्लिश? हाय की.” तो खालच्या खणातून एक गठ्ठा काढतो. इंजिनिअरिंगच्या कुणा पोरानं मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणायची, याच्याकडे भरायला द्यायची, आणि यानं गुपचूप एक प्रत स्वतःसाठी ठेवायची, असा हा गठ्ठा वाढलाय. वेष्टनावर चित्र नाही, गाण्यांची नावं नाहीत. बॉलपेनने लिहिलंय, ‘मेटल १’, ‘मेटल २’. तुम्ही कान लावून ओळखायचं.

दोन कोऱ्या नव्वदच्या कॅसेट सांगा. पहिलीवर एका बाजूला ‘राइड द लाइटनिंग’, दुसऱ्या बाजूला ‘मास्टर ऑफ पपेट्स’. दुसरीवर ‘किल देम ऑल’. आता जरा हिशेब करा, कारण दुकानदार करणार नाही. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. ‘राइड द लाइटनिंग’ आहे सव्वासत्तेचाळीस मिनिटांच्या वर. म्हणजे शेवटचं, शब्दांशिवायचं ‘द कॉल ऑफ क्टुलू’ कळसाला पोचताना टेप संपणार. ‘मास्टर’ तर जवळजवळ ५५ मिनिटांचा. त्यातलं ‘डॅमेज इन्क.’ आख्खं बाहेर, आणि ‘ओरायन’ बरोबर अर्ध्यात कापलं जाणार. तुम्ही हे सांगून बघा.

“शेवटी काय असतंय ओ त्यात? पहिल्यासारखंच की,” तो म्हणतो आणि दुप्पट वेगाचं बटण दाबतो. त्या बटणामुळे झांजांची धार आणखी थोडी बोथट होणार, मागे पाऊस पडल्यासारखी सूं वाढणार. प्रतीची प्रत, तिची प्रत. “सातला या.”

रागावू नका. हे संगीत जन्मलंच अशा कॅसेटींवर. १९८२ साली मेटॅलिकाच्या पोरांनी सात गाण्यांची एक नमुना टेप केली, ‘नो लाइफ टिल लेदर’. कुठल्याही कंपनीनं ती विकली नाही. ती पोस्टाने, हातोहात, एका डेकवरून दुसऱ्या डेकवर उतरत देशोदेशी गेली. न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात जॉन झझुला नावाचा गृहस्थ रेकॉर्डींचं दुकान मांडून बसायचा, त्याच्या हातात ती पडली. मोठ्या कंपन्या दारात उभं करेनात, तेव्हा त्यानं स्वतःच मेगाफोर्स नावाची कंपनी काढली आणि ‘किल देम ऑल’ बाजारात आणला. म्हणजे या साखळीत नवी पेठेतला हा दुकानदार उपरा नाही, झझुलाचा दूरचा भाऊबंदच आहे. फक्त त्याला हे सांगायला जाऊ नका, भरणावळ वाढवेल.

मागून खांद्यावर थाप पडते. “का बे, तू पण मेटलवाला का?”

हा तुमचा आजचा सोबती. काळा टी-शर्ट, त्यावर घरीच रंगवलेली कवटी, काखेत मिठाचे पांढरे नकाशे. सोलापूरच्या मे महिन्यात काळं घालणं म्हणजे धर्मच पाहिजे अंगात. घरी आईला काळा रंग चालतो तो फक्त संक्रांतीला. आणि नेमकं त्याच दिवसांत आख्खं गाव सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे पांढरी बाराबंदी घालून निघतं, त्यामुळे याला तेव्हाही बोलणी बसतात. सात वाजेपर्यंत करायचं काय, म्हणून तो तुम्हाला सायकलच्या दांड्यावर बसवून साखर पेठेत घरी नेतो.

पूर्व भागात शिरलात की आधी वास बदलतो. ओट्यांवर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतायत, तंबाखूची भुकटी हवेत तरंगतेय. पहिल्या शिंकेला त्या तुमच्याकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणतात आणि हसतात. मग खळीचा आंबूस वास, मशिनच्या तेलाचा वास, गटारातून वाहणारं जांभळं-हिरवं रंगाचं पाणी. आणि मग आवाज. तो कानाला येत नाही, आधी पायाला येतो. फरशी थरथरते.

सोबत्याच्या वडिलांचा कारखाना घराच्या खालीच. पत्र्याखाली यंत्रमाग, वर जेकार्ड, त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ उतरतेय आणि खाली चादरीवर मोर उमटतोय. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, दर फेऱ्याला काडकन. कापसाचा भुगा भुवयांवर बसतो. बोलायचं तर तोंड कानाला लावूनच.

इथे कुणालाही वाटेल, अरे, हेच तर थ्रॅश, मेटॅलिकाचं ते धावतं मेटल! मी हे वाक्य बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि मला ते पटत नाही. पाच मिनिटं उभे राहून नीट ऐका. एकही माग शेजारच्या मागाबरोबर चालत नाही. प्रत्येकाचा आपला ठेका, कुणी अर्धा पाऊल पुढे, कुणी मागे. मधेच एकाचा धागा तुटतो, तो थांबतो, बाकीच्यांना पत्ता नाही. थ्रॅशची गंमत बरोबर उलटी आहे. दोन गिटार, बेस आणि ड्रम जिवाच्या आकांताने धावतात आणि एका क्षणी चौघेही एकदम गप्प होतात. मेटॅलिकाचा गायक आणि गिटारवाला हेटफिल्ड, त्याचा उजवा हात तारेवर फक्त वरून खाली मारत राहतो, तळव्याची कड तारेवर दाबून, म्हणजे सूर घुमत नाही, खुटकन तुटतो. ती गप्प होण्याची अर्ध्या क्षणाची जागा, ती या कारखान्यात दिवसभरात एकदाही येत नाही. लाइट गेली तरच.

सोबत्याच्या वडिलांचं मत आणखी सरळ आहे. “बारा तास आम्ही खटखट ऐकतो, पोटासाठी. हे लोक पैसे देऊन ऐकतेत.”

सात वाजता कॅसेटी घेतल्या. रात्री गच्चीवर चला.

दिवसभर तापलेल्या गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलंय, सिमेंटमधून वाफ आणि मातीचा वास येतोय. गाद्या, उशा, सोलापुरी चादरी. कडक भाकरी मोडून शेंगाचटणी आणि दही, जिभेला आग, कपाळाला घाम. जिन्यातून वायर ओढून आणलेला टेपरेकॉर्डर. आणखी तीन-चार पोरं जमली आहेत. खाली रात्रपाळीचे माग चालू झाले की व्होल्टेज उतरतं, टेप किंचित संथ होते आणि हेटफिल्डचा आवाज आणखी जाड, आणखी म्हातारा. पोरांना वाटतं, तो तसाच गातो.

आता नीट लक्ष द्या, कारण सोलापूरची मेटॅलिका जगाच्या मेटॅलिकेपेक्षा वेगळी आहे. जगानं १९८३ पासून एकेक अल्बम जसा आला तसा ऐकला. इथे आधी केबल आली, केबलवर ‘एंटर सँडमन’ आलं, म्हणजे सगळ्यात आधी हातात पडला १९९१ चा काळा अल्बम. मग पोरं मागे मागे निघाली. जेवढा जुना अल्बम तेवढा मिळायला कठीण, त्यामुळे प्रवास सगळा उलटा. तुम्ही भविष्यातून मागे आलात म्हणून ऐट करू नका, ही पोरं रोज तेच करतात.

काळ्या अल्बमच्या मागे ‘अँड जस्टिस फॉर ऑल’. त्यात बेस ऐकूच येत नाही. पोरांनी दोन दिवस डेकला दोष दिला. घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणून हेडशेजारचा स्क्रू इकडे फिरव, तिकडे फिरव, स्पिरिटने हेड पूस. बेस आला नाही. अल्बमच तसा आहे: नवा बेसवाला जेसन न्यूस्टेड वाजवतोय, पण मिश्रण करताना त्याला जवळजवळ पुसून टाकलंय. हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही, कारण भरलेल्या कॅसेटबरोबर कागद येत नाही.

आज तुम्ही आणलेली टेप लावा. ‘मास्टर’. अचानक गाण्याला खालून जमीन मिळते. सगळे उठून बसतात. ‘ओरायन’ सुरू होतं, चार मिनिटं धावतं, मग वेग उतरतो, बाकीचे मागे सरकतात, एकटा बेस हळू चालायला लागतो आणि... खट्. टेप संपली. शिव्या नवी पेठेच्या दिशेने.

बाजू बदला. ‘राइड’ हा डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्समध्ये फ्लेमिंग रासमुसेननं ध्वनिमुद्रित केलेला. नावं ठाऊक नसल्यानं पोरं गाण्यांना तिथल्या तिथे आपली नावं ठेवतात. ‘फॉर हूम द बेल टोल्स’ म्हणजे ‘घंटावालं’. घंटेमागून जो खरखरीत आवाज वळवळत येतो, त्याला सगळे गिटार समजतात. ती गिटार नाही म्हणून सांगा, पैज लावा, जिंका. तो बेस आहे, विकृत करून चढवलेला. जितकं मागे जाल तितका हा बेसवाला मोठा होत जातो.

शेवटी ‘किल देम ऑल’. घाईत, कमी पैशांत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये उरकलेला. राकट ड्रम, हेटफिल्डचा आवाज अजून पोरगेला, चढलेला. काही आठवड्यांपूर्वीच गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला बसमध्ये बसवून घरी पाठवलंय. त्याची चार गाणी मात्र ठेवून घेतलीत. मला विचाराल तर पाचही अल्बमांत हाच सर्वांत कच्चा आणि गच्चीवर ऐकायला सर्वांत चांगला, कारण तो बनवताना हेटफिल्ड आणि ड्रमवाला उल्रिक १९ वर्षांचे होते. शेजारी उशीवर कोपर टेकून पडलेल्या पोराएवढे. तुमच्याएवढे.

पाचव्या गाण्यात गिटार थांबतात. एकटा बेस. चार मिनिटं तो रडतो, भांडतो, एखाद्या शास्त्रीय वादकासारखा विस्तार करतो, मधेच ड्रम येऊन मिळतात. गच्चीवर कुणी बोलत नाही. मग सोबती विचारतो, “हा एवढा वाजवतो बे, मग नंतरच्या कॅसेटीत गप का बसला?”

आता पंचाईत. हा बेसवाला, क्लिफ बर्टन, २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये गेला. रात्रीच्या प्रवासात बस उलटली, वय २४. या गच्चीवर मात्र तो आत्ताच आला आहे: आधी नव्हता, मग खाली जमीन झाला, मग घंटेमागे, आणि आता एकटाच पुढे. तुम्ही खरं सांगाल? मी तुमच्या जागी असतो तर विषय बदलला असता. सांगितलं असतं की ३० ऑक्टोबर २०११ ला हाच बँड बंगलोरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवणार आहे, आपल्या स्टेशनवरून उद्यान एक्सप्रेस पकडायची की झालं. “जा बे,” सोबती म्हणाला असता. “उन्हात फिरलास दुपारी.”

बाजू बदलायची वेळ झाली. या कॅसेटची बेरीज कशी कोण जाणे जुळली आहे. ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ जवळजवळ पूर्ण बसलं. दुसऱ्या बाजूला एकच गाणं उरलंय, ‘मेटल मिलिशिया’. पाच मिनिटं तुफान, सगळी पोरं माना हलवतायत, ओले केस गालावर आपटतायत, खालून तेलुगूत हाक येते आणि कुणी ऐकत नाही. गाणं संपतं, सैन्याच्या बुटांचा आवाज लांब लांब जातो.

आणि त्या बुटांच्या मागोमाग, काहीही सूचना न देता, ‘साजन’मधलं गाणं सुरू होतं. उरलेली टेप कोरी ठेवणं दुकानदाराच्या जिवावर आलं असणार. पोरं ओरडतात, एक जण बटणाकडे झेपावतो. पण जिन्यात वडील उभे आहेत, बनियनवर भुगा, हातात पाण्याचा तांब्या. गाणारा एस. पी. बालसुब्रमण्यम. घरचा माणूस. ते गादीच्या कडेवर टेकतात.

“हां. याला म्हणतेत गाणं,” ते म्हणतात. “वाढव की जरा आवाज.”

अजून चाळीस मिनिटांची टेप शिल्लक आहे.