रहदारीने सोडलेली वाट

रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी साहजिकच त्यांच्या गर्दीच्या काळावर खिळून राहते. मार्ग कोणी बांधला, त्यावरून कोणते सैन्य गेले, माल किती वाहिला गेला आणि जकात किती जमली, एवढे सांगून झाले की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. रहदारी दुसरीकडे वळल्यानंतर त्या रस्त्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. डोंगराळ मुलखातून सायकलीने हिंडणाऱ्या प्रवाशाला मात्र रस्त्याचे हेच उत्तरायुष्य हवेसे वाटते. चढ बेताचा, मोटारी तुरळक, बाजूला ओढा आणि कुरण, असा रस्ता मुद्दाम बांधलेला क्वचितच आढळतो. बहुधा तो मागे उरलेला असतो. तो कसा मागे उरतो आणि त्याच्या शांततेची किंमत कोणाला मोजावी लागते, हे वेल्समधील एका रस्त्याच्या चरित्रावरून चांगले ध्यानात येते.

१८०१ साली आयर्लंड आणि ब्रिटन यांची पार्लमेंटे एक झाली आणि आयरिश सभासदांना कामकाजासाठी लंडन गाठणे भाग पडू लागले. डब्लिनहून जहाजाने होलिहेड बंदरात उतरावे आणि तेथून अँगलसी बेट व स्नोडोनियाचे डोंगर ओलांडून पुढे जावे, असा तो मार्ग होता. वाट अत्यंत बिकट होती. सर हेन्री पार्नेल या आयरिश सभासदाने या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि १८१५ पासून थॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या हाती रस्त्याचे काम आले. टेलफर्डने चढाविषयी कडक शिस्त पाळली. वीस फुटांत एक फूट, यापेक्षा तीव्र चढ शक्यतो येऊ द्यावयाचा नाही, हे त्याचे धोरण होते. नांट फ्रँकन या खोल दरीत तर त्याने बावीस फुटांत एक फूट एवढाच चढ ठेवला. घोड्याने गाडी ओढीत दुडक्या चालीने चढावे आणि उतरतानाही त्याचा तोल जाऊ नये, हा त्यामागील हिशेब होता. ३० जानेवारी १८२६ रोजी मेनाई सामुद्रधुनीवरील झुलता पूल खुला झाला. पूर्वी लंडनहून होलिहेडला पोहोचण्यास टपालगाडीला पंचेचाळीस तास लागत, ते आता सत्तावीसवर आले.

एवढ्या परिश्रमाने सिद्ध झालेला हा मार्ग पुरती पंचवीस वर्षेही वैभवात राहिला नाही. १८५० साली मेनाईवर लोहमार्गाचा पूल झाला आणि टपाल, उतारू, माल हे सर्व आगगाडीने नेले. घोडे बदलण्याचे टप्पे बंद पडले. सरायांच्या तबेल्यांतील मोतद्दार, नालबंद, पाणके यांचा रोजगार गेला. पथकराच्या उत्पन्नावर रस्ते राखणारी मंडळे साऱ्या ब्रिटनमध्ये कर्जात बुडाली आणि एकामागून एक विसर्जित झाली. त्यांतील अगदी शेवटचे नाके याच रस्त्यावर, अँगलसी बेटावर, १८९५ सालापर्यंत तग धरून होते.

या ओस पडलेल्या रस्त्यांवर जी पहिली नवी चाके फिरू लागली, ती सायकलींची. १८७८ साली हॅरोगेट येथे सायकल पर्यटकांचा एक संघ स्थापन झाला, तोच पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने प्रसिद्धीस आला. या संघाने ठिकठिकाणच्या सराईवाल्यांशी दर ठरवून घेतले आणि त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले. घोड्यांच्या जागी ही नवी गिऱ्हाइके आली आणि कित्येक सरायांत पुन्हा चूल पेटली. उंच चाकाच्या सायकलीवरून उतारावर तोंडघशी पडण्याचा धोका मोठा असे. तेव्हा उतार धोक्याचा असल्याची सूचना देणारे फलक सायकलस्वारांच्या संघांनी स्वखर्चाने उभे केले. १८८६ साली त्यांनीच रस्ते सुधारणेसाठी एक स्वतंत्र संस्था काढली. मोटारी रस्त्यावर येण्यापूर्वीच चांगल्या रस्त्यासाठी अर्ज, निवेदने आणि पत्रके यांचा भडिमार सुरू झाला होता, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे.

टेलफर्डचा चढ सायकलीला इतका मानवतो, याचेही कारण उघड आहे. एंजिनाला तीव्र चढाची पर्वा नसते. दम लागतो तो प्राण्याला. घोड्याच्या दमाचा विचार करून आखलेला रस्ता माणसाच्या दमालाही सोसतो. घोडा त्या रस्त्यावरून गेला, परंतु त्याच्यासाठी केलेली सोय उरली आणि ती सायकलस्वाराच्या वारशाला आली.

हा वारसाही फार काळ निर्वेध राहिला नाही. विसाव्या शतकात मोटारींनी होलिहेडचा राजमार्ग ताब्यात घेतला आणि सायकलस्वार आडवाटा धुंडाळू लागले. ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी मार्च १९१९ मध्ये, बर्फ पडलेले असताना, याच रस्त्याच्या दक्षिणेकडील बर्विन पर्वत सायकल घेऊन ओलांडला आणि त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती खिंडही अशीच मागे उरलेली होती. वेल्समधील गुराखी आपली जनावरे ज्या डोंगरवाटांनी इंग्लंडच्या बाजारांकडे हाकीत नेत, त्या वाटा आगगाडी आल्यावर निर्जन झाल्या होत्या. १९५५ साली अशा खडबडीत वाटांच्या शौकिनांनी आपला वेगळा संघच स्थापन केला.

नांट फ्रँकनच्या दरीत हे सारे थर आजही एकाशेजारी एक पाहावयास मिळतात. पूर्वेच्या उतारावर टेलफर्डचा रस्ता आहे आणि त्यावर मोटारी धावतात. समोर, पश्चिमेच्या अंगाने, लॉर्ड पेन्‍रिन याने १७९० च्या दशकात काढलेली जुनी वाट आहे. ती अरुंद असून शेवटी तिचा चढ दमछाक करतो. परंतु तेथे ओढ्याचा आवाज ऐकू येतो. बँगोरच्या धक्क्यापासून निघणारा सायकलमार्ग या वाटेला येऊन मिळतो. त्याचा खालचा काही भाग पेन्‍रिनच्या पाटीच्या दगडाच्या खाणीतून बंदराकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पट्ट्यावरून जातो. १८०१ साली घोड्यांनी ओढावयाच्या वाघिणींसाठी सुरू झालेला तो लोहमार्ग १९६२ साली बंद पडला. या रम्य वाटेचा उगम मात्र तितकासा रम्य नाही. पेन्‍रिनचे धन जमैकातील उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमांतून आलेले होते, आणि गुलामांचा व्यापार बंद करण्यास त्याने पार्लमेंटात विरोध केला होता. आज जेथे निवांतपणे सायकल हाकता येते, तेथे एके काळी कोणाचा घाम जिरला आहे, याचा विसर पडू नये.

टेलफर्डच्या रस्त्याला स्वतःलाही दुसऱ्यांदा उसंत मिळाली. किनाऱ्याने जाणारा रुंद महामार्ग टप्प्याटप्प्याने होत गेला. १९९१ मध्ये कॉन्वीच्या खाडीखालून बोगदा झाला आणि २००१ मध्ये हा महामार्ग अँगलसी बेट ओलांडून होलिहेडपर्यंत पोहोचला. बंदराकडे जाणारी अवजड वाहने तिकडे वळली. ज्या बेटावर पथकराचे शेवटचे नाके होते, तेथेच जुना रस्ता पुन्हा एकदा मोकळा झाला.

आपल्याकडेही हे चक्र अपरिचित नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला, आणि तेहतीस वर्षांतच, १८६३ साली, आगगाडी घाट चढून वर आली. जम्मू भागात नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांना तर ताजेच उदाहरण ठाऊक असेल. २०१७ साली चेनानी ते नाशरी हा सुमारे नऊ किलोमीटरांचा बोगदा सुरू झाला आणि श्रीनगरकडे जाणारी वाहने कुद, पटनीटॉप, बटोत ही डोंगरावरील गावे टाळून थेट निघून जाऊ लागली. देवदारांतून जाणारा जुना रस्ता शांत झाला, हे खरे. परंतु येणाऱ्या-जाणाऱ्यांना पतिसा विकणारे कुदचे हलवाई आणि रस्त्याकडेचे ढाबेवाले यांच्या दृष्टीने ती शांतता म्हणजे रिकामा गल्ला होता. वेल्समधील मोतद्दारांवर जो प्रसंग आला, तोच त्यांच्यावर आला.

येथे प्रश्न कारभाराचा होतो. नवा मार्ग झाला की जुन्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा वाद प्रत्येक देशात उपस्थित होतो. इंग्लंडमध्ये पथकर मंडळे बुडाल्यावर रस्त्यांचा भार गावकीवर पडला आणि खड्डे वाढले. पुढे १८८८ च्या कायद्याने जिल्हा मंडळे अस्तित्वात आली व मुख्य रस्ते त्यांच्याकडे सोपविण्यात आले, तेव्हा कोठे स्थिती सुधारली. या मधल्या अवधीत रस्त्यांची आठवण सरकारला सतत करून देत राहिले ते सायकलस्वार. रहदारीच्या आकड्यांवरूनच निधी ठरवावयाचा झाला, तर मागे उरलेला रस्ता नेहमीच यादीच्या तळाशी जाईल. दोन पावसाळ्यांत त्याच्या मोऱ्या तुंबतील, पाचव्या पावसाळ्यात कडा खचतील, आणि मग तो शांत न राहता केवळ बंद होईल.

या मासिकाचे बरेच वाचक आपल्या मुलखापासून दूर, डोंगरी जिल्ह्यांत अधिकारपदावर आहेत. सुटीच्या दिवशी सायकल बाहेर काढून जुन्या घाटरस्त्याने जाण्याचा आनंद त्यांतील काहींनी अनुभवलाही असेल. एखादे दिवशी त्याच रस्त्याची नस्ती त्यांच्या मेजावर येण्याचा संभव आहे. तीवर वाहनांची संख्या अल्प दाखविलेली असेल आणि देखभालीची तरतूद कमी करावी, असा शेरा असेल. त्या वेळी एवढेच पाहावे, की त्या वाटेवर अजून कोणती गावे वसलेली आहेत, कोणाची दुकाने तिच्यावर चालतात, आणि सावकाश जाणाऱ्यास तिच्यावाचून दुसरी वाट आहे काय. मोऱ्या साफ राखण्यास फारसा खर्च येत नाही. गेलेला रस्ता परत बांधण्यास मात्र पुन्हा एखादा टेलफर्ड आणि त्याला लागेल तेवढा पैसा, दोन्ही शोधावे लागतात.