पुण्याच्या मंडईची वास्तु

शुक्रवार पेठेंतील मंडईचें वर्णन ‘गॉथिक घाटाची देखणी इमारत’ एवढ्यांत उरकण्याचा प्रघात पडला आहे. हें वर्णन खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे, असें आमचें मत आहे.

पेठेंतील जुनें दुकान म्हणजे राहत्या घराचाच एक भाग. रस्त्याकडे अरुंद दर्शनी बाजू, पुढें ओटा, रात्रीं लावावयाच्या लांकडी फळ्या आणि वर माडीवर दुकानदाराचें बिऱ्हाड. इंग्लंडांतील गांवोगांवच्या हमरस्त्यांवरील जुन्या दुकानांची ठेवणहि पुष्कळ अंशीं अशीच. तेथें पुढें कांचेची खिडकी आली, हा मुख्य भेद. दोहींकडे वास्तूची सारी शोभा रस्त्याकडील तोंडावर.

मंडईनें ही रीत मोडली. पूर्वीं भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरे. तो छपराखालीं आणण्यासाठीं नगरपालिकेनें वॉल्टर ड्यूकॅट यांच्या आराखड्याप्रमाणें ही इमारत उभारली. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं केलें. मध्यें अष्टकोनी मनोरा व त्यापासून निघालेल्या आठ भुजा, अशी हिची मांडणी. त्यामुळें या वास्तूस पुढचें व मागचें असा भेदच उरत नाहीं. गिऱ्हाइकानें कोणत्याहि बाजूनें शिरावें, आणि मनोरा दुरून बाजाराची खूण व्हावा! विक्रेत्याचें बिऱ्हाड मात्र येथें नाहीं. त्याचा संबंध गाळ्यापुरता.

१८८६ सालीं ही वास्तु उघडली व तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तीस मिळालें. तत्पूर्वीं, नगरपालिकेचे सभासद असतां, जोतीराव फुले यांनीं या खर्चास विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. पुढें १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें मंडईस जोतीरावांचेंच नांव दिलें गेलें.

कित्येकांस यांत विसंगति दिसते; आम्हांस तशी दिसत नाहीं. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथांत ज्याची कैफियत त्यांनीं मांडली, त्याच्याच श्रमाचा माल येथें विकला जातो. नांव यथोचितच आहे. मात्र नांव दिल्यानें आक्षेप मिटत नाहीं. सार्वजनिक द्रव्यानें उभारलेल्या वास्तूचें गुणवर्णन करितांना, तेंच द्रव्य शाळांसाठीं मागणाऱ्याचें म्हणणेंहि त्याच पानावर नोंदणें, हें इतिहासलेखकाचें कर्तव्य होय.