सारवलेल्या भुईपासून मॅट टाइलपर्यंत, आणि मध्ये आमचा मोत्या



दिवाळीनंतर घराची फरशी बदलायची ठरली आणि आमच्याकडे दोन पक्ष पडले. मुलाला चकाचक ग्लॉसी टाइल हवी होती. सासूबाईंचं एकच म्हणणं, "चातुर्मासात महाराजांचा आहार आपल्याकडे व्हायला हवा, त्याला साजेल असं काय ते करा." तिसरा पक्ष बोलत नव्हता. अकरा वर्षांचा मोत्या आणि त्याच्या मागे मागे फिरणारी चिंगी, दोघंही पाठीमागच्या सोप्यातल्या शहाबादीवर पसरलेली होती. फरशीचा इतिहास शोधायची वेळ माझ्यावर आली ती या तिसऱ्या पक्षामुळे.

माझ्या आजीच्या घरात फरशी नव्हतीच. चोपण्यानं चोपलेली मातीची भुई, वर शेणाचं सारवण. सारवायच्या आधी आजी मऊ केरसुणीनं हलक्या हातानं झाडायची. कोपऱ्यात मुंग्यांची रांग दिसली की तेवढी जागा सोडायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. दिवेलागणीनंतर सारवण नाही, कारण अंधारात जीव दिसत नाही. ओल्या भुईवर पाय द्यायचा नाही हेही त्यातच आलं. यत्नाचार हा शब्द मी पाठशाळेत नंतर ऐकला, केरसुणी आधी बघितली होती. त्या घरात कुत्रं होतं, पण त्याची जागा ओट्यावर. रात्रीची शेवटची भाकरी त्याची, उंबरा मात्र त्याचा नाही. भुईवर कुत्र्यानं काही केलंच तर तेवढा पोपडा खरवडून परत सारवायचं. आज आपण ज्याला मेंटेनन्स म्हणतो तो मातीच्या घरात रोजच होता.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या वाड्यात काळ्या दगडाची फरसबंदी असे. आपल्या दख्खनचा हा कठीण दगड पिढ्यान्‌पिढ्या झिजत नाही, पण घडवायला फार मेहनत. म्हणून तो चौकात आणि पायऱ्यांना दिसतो, खोल्यांमध्ये कमी. सामान्य घरांत दगडी फरशी आली ती रेल्वेमुळे. जी. आय. पी. रेल्वेची लाइन सोलापूरच्या पुढे गुलबर्गा भागातून जात 1871 साली रायचूरला मद्रासकडच्या लाइनला मिळाली. शहाबाद हे गाव याच वाटेवर. तिथला चुनखडीचा दगड थरांमध्येच निघतो, त्यामुळे फळ्या काढल्यासारख्या लाद्या सुटतात, घडवायचं काम थोडं. गाडीत घालून तो आपल्याकडे यायला लागला आणि "शहाबादी" हा शब्द घरोघरी झाला. आमचं घर 1974 चं, मामंजींनी बांधलेलं, तेही शहाबादीचंच.

मोझॅकची गोष्ट स्वदेशीची आहे. सिमेंटच्या टाइल्स तेव्हा परदेशातून येत. 1922 साली मुंबईत सिधवा या पारशी कुटुंबानं भारत टाइल्स सुरू केली. पुढे संगमरवराच्या तुकड्यांची मोझॅक टाइल मध्यमवर्गीय फ्लॅटची खूणच झाली. माझं माहेरचं दुसरं घर तसलंच, करड्या फरशीत पांढरे-काळे ठिपके. पॉलिशवाल्याचं मशीन आठवडाभर घरात घरघरायचं आणि सगळीकडे राड. पण त्या ठिपक्यांत केस, धूळ, डाग काही दिसत नसे. कुत्र्याच्या घराला याहून सोयीची फरशी मी पाहिलेली नाही. आज ती करणारे कारागीर आमच्या भागात मिळत नाहीत, नाहीतर लेख इथेच संपला असता.

मग संगमरवर. आपल्या लोकांचं त्याच्यावर प्रेम का, हे सांगायला नको. आबूवर विमलशाहांनी 1031 साली मंदिर उभं केलं तेव्हापासून पांढरा दगड म्हणजे पावित्र्य असं आपल्या डोळ्यांत बसलेलं आहे. पण मंदिरात कुत्रं राहत नाही, आणि लिंबूही कोणी सांडत नाही. संगमरवर काय, शहाबादी काय, दोन्ही मुळात चुन्याच्या कुळातले. लिंबाचा एक थेंब शहाबादीच्या तुकड्यावर टाकून बघा, बारीक फेस येतो. कुत्र्याची लघवी बहुधा किंचित आम्लधर्मी असते. ती वेळेवर पुसली नाही तर पांढऱ्या दगडाचं पॉलिश जातं आणि पिवळट डाग आत मुरतो. तो मग घासून निघत नाही, परत पॉलिशच करावं लागतं. नणंदेच्या घरी हॉलमध्ये हे झालं आहे, तिथे आता कायम गालिचा असतो.

इथे थोडं कुत्र्यांकडे वळते, कारण आपल्या काही भगिनी विचारतात, "जैनाच्या घरात कुत्रं कशाला?" (त्यांच्या जेवणाबद्दलही विचारतात. त्यावर वेगळं लिहीन, तो विषय सोपा नाही.)

जीवंधरस्वामींची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीत ती येते. मार खाऊन मरणाला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात जीवंधरकुमार णमोकार सांगतात आणि ते कुत्रं सुदर्शन यक्ष होतं. आचार्य समंतभद्र तर रत्नकरंड श्रावकाचारात धर्माचं फळ सांगताना कुत्र्याचंच उदाहरण घेतात: धर्मानं ते देव होतं आणि अधर्मानं देवसुद्धा कुत्रं होतो.

दुसरी गोष्ट पुराणातली नाही, मुंबईतली. इंग्रज सरकार मोकाट कुत्री मारायला शिपाई पाठवत असे आणि कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशासाठी शिपाई घराजवळची, कुणाची पाळलेली कुत्रीही उचलायला लागले. 6 जून 1832 ला लोक शिपायांवर उलटले. पुढे पारशी होते, त्यांना कुत्रा पवित्र. पण बरोबर हिंदू होते आणि आपले जैन व्यापारीही. दुसऱ्या दिवशी कोटातली दुकानं बंद, लष्कराची रसदही अडली. शेवटी फौज आणून दंगा मोडला. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. आज तिथे गाई दिसतात म्हणून आपण तिला गोशाळा समजतो. तिच्यामागे कुत्र्यांचं मरण होतं हे मला हा लेख लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे कुत्र्याला वाचवणं आपल्याकडे जुनं आहे, त्याला हॉलमध्ये झोपवणं नवं. आणि सासूबाईंची काळजी खोटी नव्हती. मुनींच्या आहाराचे 32 अंतराय आहेत. पायांमधून पंचेंद्रिय जीव गेला तर अंतराय, कुत्र्यासारख्या प्राण्यानं दंश केला तर अंतराय. महाराज उभ्यानं, हातांच्या ओंजळीत, एकदाच घेणार. त्या घासाला आपल्या चिंगीच्या शेपटीनं खंड पडला तर वर्षभर मनाला लागेल.

दुकानातून मी चार नमुन्याच्या टाइल घरी आणल्या आणि हॉलमध्ये ओळीनं मांडल्या. ग्लॉसीवर मोत्या उभा राहिला आणि मागचे पाय हळूहळू फाकले. उठायला जाताना तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा उठलाच नाही, माझ्याकडे बघत बसला. मुलगा काही बोलला नाही. ग्लॉसीचा विषय त्या दिवशी संपला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या सांध्यांना असली फरशी म्हणजे रोजचा त्रास. आणि खरं सांगायचं तर सासूबाईंच्या गुडघ्यांनाही. दुसरा नमुना खडबडीत, पार्किंगला लावतात तसला. त्याच्यावर पाय घट्ट, पण केस आणि माती खाचांत अडकते, मग ब्रशनं घासणं आलं. घासण्यात जीव किती जातात ते तुम्हीच बघा. हाताला गुळगुळीत पण चमक नसलेली मॅट व्हिट्रिफाइड आम्ही घेतली, फिकट बदामी, त्यावर बारीक रेषा. ही टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणून लघवी आत मुरत नाही, वास राहत नाही.

घाण मुरते ती सांध्यांत. गवंडी म्हणाले, "ताई, पांढरं सिमेंट भरू, स्वस्तात होईल." नाही म्हटलं. आमच्या जुन्या फरशीच्या दर्जा पोकळ होऊन तिथे मुंग्यांनी घरं केली होती आणि दर पावसाळ्यात फिनेल ओतायची पाळी यायची. मी ते ओतत नसे, पण कामवाली मावशी माझ्या माघारी ओतायच्या. इपॉक्सी ग्राउट महाग पडलं, मात्र त्यात फट राहत नाही, मुंगी येतच नाही, मग मारायचा प्रश्न नाही. काम झाल्यावर मजुरानं अ‍ॅसिडनं धुवायला बाटली काढली तेव्हा अगदी हात धरला. शेजारच्या सोप्यात शहाबादी होती, तिच्यावर ओघळ गेला असता तर ती पांढरी पडली असती. आता कोमट पाणी आणि थोडा साधा साबण, पुसून लगेच कोरडं. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखा असतो आणि कुत्रं परत त्याच जागी जातं.

स्वयंपाकघर आणि मागचा सोपा मात्र मी बदलला नाही. मामंजींची शहाबादी तशीच ठेवली, नुसत्या दर्जा खरवडून परत भरून घेतल्या. चौका तिथेच होईल. सोप्याच्या दाराला खाली अर्ध्या उंचीचं लाकडी फाटक केलं, आतून कडी. आहाराच्या दिवशी दोघं फाटकाच्या पलीकडे. सासूबाईंनी स्वतः कडी लावून आणि काढून बघितली, दोनदा. मग म्हणाल्या, "त्यांचं पाणी आधी ठेव तिकडे, मग कडी लाव."

नवी टाइल सोडून मोत्या अजूनही दुपारी शहाबादीवरच झोपतो. ती गार असते.