घाटनांदूर ते लिस्बन : एका यात्रेची पूर्वतयारी

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील एक गाव. निजामी राजवटीत विकाराबादहून परळीपर्यंत जो लोहमार्ग आला, त्यावरचे हे एक स्थानक. समुद्र येथून शेकडो मैल दूर. अशा कोरडवाहू मुलखात बसून, शेजारच्या चार कुटुंबांच्या सोबतीने, पोर्तुगालच्या सागरकिनाऱ्यावरील यात्रेचा आराखडा आखण्याचा प्रसंग आमच्यावर आला. हे काम केवळ वेळापत्रकाचे आहे, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच बैठकीत खोटी ठरली.

कुटुंबातील एका तरुणाने सरळच विचारले, "त्या किनाऱ्याचा आपल्याशी संबंध काय? वसईच्या आणि गोव्याच्या लोकांनी तिकडे जावे. आपला धर्म काही गलबतातून आला नाही."

त्याचे म्हणणे इतिहासाला धरून होते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत उत्तर कोकणात जी ख्रिस्तसभा रुजली, तिचा धागा थेट लिस्बनला पोहोचतो. मराठवाड्याची कथा निराळी. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. तेथील संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या परिसरात आले. फादर जाकिये यांचे नाव त्या भागात अजून आदराने घेतले जाते. त्यांचा संघ १८३८ साली आल्प्सच्या कुशीतील ॲनसी या नगरात जन्मला. तेथे सरोवर आहे, सागर नाही. पुढे १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, पाणवठ्यावर दूर उभ्या राहणाऱ्या माणसांनी ही श्रद्धा जवळ केली. त्यांना पोर्तुगीज राजाचे नावही ठाऊक नसावे.

मग तो किनारा आपला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधत शोधतच आम्ही मुक्काम निश्चित केले. ते वाचकांपुढे ठेवतो.

युरोपचा नकाशा घेतला, तर पोर्तुगालची पश्चिम आणि दक्षिण बाजू अटलांटिक महासागराला भिडलेली दिसते. विमानाने लिस्बनला उतरायचे, प्रथम दक्षिणेस लागोसला जायचे, तेथून साग्रेस, पुन्हा लिस्बन, नंतर उत्तरेकडे नाझरे, फातिमा, कोइंब्रा आणि अखेर पोर्तो, असा क्रम आम्ही धरला. लागोसपर्यंत रेल्वे जाते. साग्रेसला मात्र बसनेच जावे लागते. लिस्बन ते पोर्तो हा प्रवास आगगाडीने सुमारे तीन तासांचा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, हे ध्यानी घेऊन कागदपत्रांची तयारी दिवाळीनंतर सुरू करावी, असे ठरले. काळ एप्रिलचा नेमला. तोवर ज्वारी घरात आलेली असते.

पहिला वाद लागोसवरून झाला. ८ ऑगस्ट १४४४ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसे या बंदरात उतरवण्यात आली. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून ती वाटणी पाहत होता. त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा, म्हणजे ४६ माणसे आली. झुरारा हा त्याचाच इतिवृत्तकार. मुले आयांपासून आणि भाऊ भावांपासून कसे तोडले गेले, हे त्याने लिहून ठेवले आहे, आणि लिहिताना त्याचेही मन द्रवले आहे. त्याच वृत्तांतात अशीही नोंद आहे, की या बंदिवानांपैकी एक जण लागोसच्या चर्चला अर्पण करण्यात आला. एक लहान मुलगा केप सेंट व्हिन्सेंटच्या मठात पाठवला गेला आणि पुढे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. 'गुलामांचा बाजार' म्हणून आज जी इमारत तेथे दाखवतात ती नंतरच्या काळातील आहे. परंतु २००९ साली याच गावात खोदकाम चालू असताना, जुन्या कचऱ्याच्या जागी दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले.

"यात्रेला निघून हे कशाला पाहायचे? लागोस गाळा," असे एका ज्येष्ठ बाईंचे मत पडले. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तरीही लागोस आम्ही गाळले नाही. ज्यांच्या आजोबांना गावात चप्पल घालून चालता येत नव्हते, त्यांनी लागोसच्या चौकात उभे राहून मान फिरवावी, हे आम्हांला पटले नाही. १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांच्या आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला या व्यवहारासाठी धर्माचा आधार मिळाला, हेही लपवण्यात अर्थ नाही. अशा आज्ञापत्रांवर उभारलेला सिद्धांत व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी जाहीरपणे नाकारला. आईने उशिरा का होईना चूक कबूल केली, तर लेकरांनी ती जागा पाहून प्रार्थना करण्यास का कचरावे?

साग्रेस हे भूमीचे टोक. हेन्री येथेच १३ नोव्हेंबर १४६० रोजी निवर्तला. त्याने येथे नौकानयनाची मोठी शाळा काढली होती, ही कथा इतिहासकार आता मानीत नाहीत. जवळच केप सेंट व्हिन्सेंट आहे. ज्या मठात तो आफ्रिकी बालक वाढला, त्याच्या जागी आज दीपगृह उभे आहे. संत व्हिन्सेंटचे अवशेष ११७३ साली येथून लिस्बनला नेण्यात आले. लिस्बनच्या नगरचिन्हावर त्याची आठवण म्हणून एक नौका आणि दोन कावळे आहेत.

लिस्बनसाठी आम्ही सर्वांत अधिक, म्हणजे चार दिवस राखले. संत अंतोनी यांना आपण पादुआचे म्हणतो. जन्माने ते लिस्बनचेच, आणि त्यांच्या जन्मस्थानी त्यांचे चर्च आहे. संत डॉमिनिकच्या चर्चपुढील चौकात १५०६ सालच्या एप्रिलमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंची कत्तल झाली. तेथील स्मारकापुढेही थांबायचे आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, देवळे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. त्यामागून समुद्र आणि अग्नी आले, आणि जुने लिस्बन बव्हंशी नष्ट झाले.

त्यातून जे वाचले, त्यात बेलेमचा किनारा आहे. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा येथून निघाला. व्यापारावरील करातून उभारलेला भव्य मठ येथे आहे आणि गामाची कबरही त्याच मठात आहे. ७ एप्रिल १५४१ रोजी संत फ्रान्सिस झेवियर याच शहरातून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. आमच्या आराखड्यात मात्र ठळक अक्षरांत लिहिलेली तारीख निराळी आहे : ४ एप्रिल. १५७९ साली त्या दिवशी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून गोव्याकडे निघाला. त्यात थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीच्या घरातला इंग्रज येशूसंघीय होता.

त्याने गोव्यास पोहोचल्यावर वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. कर्णे वाजत होते, तोफा उडत होत्या, जहाजावर पुष्कळ लहान मुले होती. समुद्रप्रवास मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक मानवतो, असे त्याने म्हटले आहे. पुढे हिरड्या सुजल्या, पाय सुजले, दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि २७ दगावली. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्यास लागले. फादर स्टीफन्स पुन्हा मायदेशी परतले नाहीत. १६१६ साली रायतूरच्या मुद्रणालयात त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी भाषेतील, ओवी छंदातील, सुमारे अकरा हजार ओव्यांचे.

येथे आम्ही थबकलो, कारण ओवी लिस्बनहून आली नव्हती. ती येथल्या मातीतली. घाटनांदूरहून जवळच असलेल्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. तेथेच दासोपंतांनी चाळीसएक फूट लांबीच्या कापडी पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ आणि फादर स्टीफन्सचा १५४९ ते १६१९. दोघे समकालीन. ते कधी भेटले नसतील. परंतु एक बालाघाटाच्या डोंगरात आणि दुसरा साष्टीच्या खाडीकाठी एकाच छंदात आपापल्या देवाला आळवीत होते. गलबताने शुभवार्ता आणली खरी. ती मराठी मनात उतरली, ती या देशीच्या ओवीवर बसून.

त्याच किनाऱ्यावरून निघालेल्या सत्तेने पुढे या भाषेचीच गळचेपी केली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या. भाविकांनी मात्र हस्तलिखिते जपली, पिढ्यान्‌पिढ्या ओव्या गायिल्या, म्हणून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले आणि १९५६ साली देवनागरीत आले. राजाने जे बुडवू पाहिले ते घराघरांतील सामान्य माणसांनी तारले.

उरलेले मुक्काम थोडक्यात. नाझरे हे कोळ्यांचे गाव आणि मातेचे जुने तीर्थ. फातिमा किनाऱ्यापासून आत आहे. १९१७ साली तेथे तीन गरीब गुराखी मुलांना मातेचे दर्शन झाले. त्यांतील फ्रान्सिस्को व जसिंता यांना २०१७ साली संतपद मिळाले. कोइंब्रा येथे अंतोनी फ्रान्सिस्कन झाले. पोर्तो हे हेन्रीचे जन्मगाव. ज्याच्या घोड्यापुढे लागोसची वाटणी झाली, त्याचा पाळणा जेथे हलला तेथे यात्रा संपेल.

शेवटच्या बैठकीत त्या तरुणाने यादी हाती घेतली आणि वरच्या कोऱ्या जागेत एक ओळ वाढवली : 'मुक्काम पहिला – अंबाजोगाई, दासोपंतांची पासोडी.' त्या ज्येष्ठ बाईंनी ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हे बरे झाले. आणि लागोसला मेणबत्त्या माझ्याकडून."

तयारी पूर्ण झाली, असे आम्ही तेव्हा मानले.