इतिहास गोडीने वाचा, पण पुरावा मागत वाचा

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी होते, तिचा आम्हाला अभिमान आहे. पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं विकत घेणारा हा समाज आहे. पण घरी नेलेल्या पुस्तकांचं पुढे काय होतं? जाडजूड खंड कपाटात बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी मांडले जातात, जयंतीला त्यांच्यावरची धूळ पुसली जाते आणि आपल्या तरुणांचा इतिहास मात्र मोबाइलवर आलेल्या पोस्टवर चालतो.

याचा दोष तरुणांना देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ‘इतिहास वाचा’ असं आपण प्रत्येक सभेत सांगतो, पण आधी कोणतं पुस्तक हातात घ्यायचं ते सांगत नाही. जणू इतिहास म्हणजे डोळे मिटून गिळायचं कडू औषध! प्रस्थापितांनी असं केलं नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि घरोघरी पेशवाई त्या कादंबरीतून पोचली. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ची. या कादंबऱ्या आहेत, इतिहासग्रंथ नव्हेत; पण वाचायला गोडी लागली म्हणून लोकांनी त्यांनाच इतिहास मानलं. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने पेशवाईत मांग-महारांचे काय हाल झाले ते लिहून ठेवलं. तो निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. एका बैठकीत वाचून होतो. ‘स्वामी’च्या वाचकांपैकी किती जणांनी तो वाचला असेल? आणि आपल्यापैकी किती जणांनी?

म्हणून आमचं म्हणणं असं की, गोडीला नावं ठेवू नका; गोडी कशाची आहे ते तपासा. एक गोडी खुशामतीची असते. ती आपल्याला हवं तेच सांगते. दुसरी गोडी शोधाची. ती ‘हे कशावरून?’ असं विचारायला शिकवते. चळवळीला ही दुसरी गोडी हवी आहे.

ती कशी असते हे पाहायचं तर बाबासाहेबांचं ‘द अनटचेबल्स’ (१९४८) घ्या. मराठी अनुवाद मिळतो. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या साध्या प्रश्नापासून तपास सुरू होतो. वंश वेगळा म्हणून अस्पृश्यता आली का? बाबासाहेब पुरावे तपासून ते नाकारतात. घाणेरडा धंदा म्हणून आली का? तेही नाकारतात. मग पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसं, बौद्ध धम्म आणि गोमांस असे धागे जुळवत ते अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४००च्या आसपास आणून ठेवतात. प्रस्तावनेत गटेचा दाखला देऊन इतिहासकाराचं कर्तव्य सांगतात आणि पुराव्याची साखळी तुटते तिथे आपण तर्काने दुवा जोडला आहे, हेही लपवत नाहीत.

त्यानंतर जोतीरावांची ‘गुलामगिरी’ (१८७३) वाचा. ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून लिहिलेली आहे. दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचली तर दशावतारांची एकेक कथा कशी सोलली जाते ते कळतं आणि हसूही येतं. हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेलं आहे. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्या लोकांना गुलाम केलं, ही जोतीरावांची मांडणी. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उगमावरचा ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धान्त खोडून काढला. गुरूला वंदन आणि गुरूशी मतभेद, दोन्ही एकाच पुस्तकात! आपल्या परंपरेत भक्तीला जागा नाही, ती अशी.

शिवाजी महाराजांवर पहिलं पुस्तक हवं असेल तर गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८). पुस्तक छोटं, भाषा सोपी आणि केंद्रस्थानी रयत.

आता आपल्या वस्तीचा इतिहास. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे खंड संपादित केले हे सगळ्यांना माहीत असतं; त्यांचं ‘वस्ती’ फार थोड्यांनी वाचलेलं असतं. नागपुरातली गरिबी, समता सैनिक दल, धर्मांतराकडे निघालेली माणसं, सगळं त्यात भेटतं. चळवळ फक्त व्यासपीठावर घडत नव्हती, हे त्यातून समजतं. आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) वाचल्याशिवाय कोणीही आंबेडकरी चळवळीवर भाषण करू नये. लेखिकांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून हा इतिहास उभा केला. १९४२च्या जुलैत नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली होती. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे नाव ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, पोस्टनेही अभिमान जागा होतो, मग बिघडलं काय? बिघडतं ते असं. ‘५०० जणांनी २८ हजार कापले’ ही भीमा कोरेगावची पोस्ट घ्या. पेशव्याचं एकूण सैन्य वेगळं आणि कोरेगाववर प्रत्यक्ष चालून आलेल्या तुकड्या वेगळ्या. विरोधक हा एक फुगवलेला आकडा पकडतो, खोटा ठरवतो आणि त्याबरोबर आपल्या पूर्वजांचं खरं शौर्यही खोटं ठरवू पाहतो. त्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथे मानवंदनेला गेले होते. एवढं सत्य आपल्याला पुरेसं आहे. फुगवलेला आकडा आपण आपल्या हाताने विरोधकाला देतो.

तेव्हा तरुण मित्रांनो, येत्या रविवारपासून आपापल्या बुद्धविहारात एक पुस्तक आणि एक प्रकरण एवढंच ठरवा. एकाने वाचावं, बाकीच्यांनी विचारावं, ‘कशावरून?’ मुक्ता साळवेंच्या निबंधापासून सुरुवात करा. तो संपायला एक तासही लागणार नाही आणि पुढचं पुस्तक तुम्ही स्वतःच मागाल.

जय भीम!