टोपीतला हात आणि वाऱ्याचा हिशेब

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ‘हँडिकॅप’ सर्वांत जास्त कोणाच्या वाट्याला येतो? दुबळ्या घोड्याच्या नव्हे, सर्वांत चपळ घोड्याच्या. आधीच्या शर्यती जिंकून ज्याने नाव कमावले, त्याच्या जिनात शिशाच्या पट्ट्या घालून जादा वजन चढवतात आणि मग त्याला इतरांबरोबर पळायला सांगतात. आपण रोजच्या बोलण्यात मात्र हा शब्द नेमका उलटा वापरला. ज्याच्यात काही उणे आहे तो ‘हँडिकॅप्ड’. रेसकोर्सवर जे ओझे बलवानावर लादले जात होते, ते भाषेने गुपचूप दुबळ्याच्या पाठीवर ठेवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत इंग्रजीत हा अर्थ रुजला आणि तिथून तो आपल्याकडे आला.

टोपी हातात घेऊन भीक मागणाऱ्या अपंग सैनिकांवरून हा शब्द आला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती ऐकायला चटका लावणारी असली तरी खरी नाही. मूळ शब्द ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीतला हात. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अदलाबदलीचा हा एक खेळ होता. सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत १६६० साली त्याचा उल्लेख सापडतो. एकाला आपली वस्तू देऊन दुसऱ्याची हवी असे. तिसरा पंच. दोन्ही वस्तू पाहून हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती रक्कम द्यायची, हे तो ठरवी. तिघेही टोपीत थोडे पैसे टाकत. मग दोघे टोपीत हात घालून एकाच वेळी बाहेर काढत. हातात पैसे असले तर सौदा मंजूर, नसले तर नामंजूर. दोघांचे उत्तर एकच आले, तर टोपीतले पैसे पंचाला मिळत. वेगवेगळे आले, तर मंजूर म्हणणाऱ्याला.

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात ज्याने रुमालाखाली बोटे धरून ठरणारा बैलजोडीचा भाव पाहिला आहे, त्याला हा खेळ परका वाटणार नाही. हात झाकलेला, भाव गुप्त, आजूबाजूचे फक्त चेहरे वाचणार. फरक एवढाच की आपला हेडी स्वतःच सौद्यात गुंतलेला असतो, आणि टोपीच्या खेळातल्या पंचाची कमाई दोघांच्या एकमतावर होती. कोणाकडे थोडा जरी झुकला, तर एक हात रिकामा निघणार. निःपक्षपातीपणाला पगार लावून देणारी ही युक्ती मला फार आवडते. जमाखर्च लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला अशा गोष्टी आवडतातच.

घोड्यांच्या शर्यतीत ही कल्पना शिरली तेव्हा वरच्या रकमेच्या जागी वजन आले. १७९१ साली अ‍ॅस्कटला झालेली ‘ओटलंड्स’ ही हँडिकॅपच्या सुरुवातीच्या मोठ्या शर्यतींपैकी एक. पुढे अ‍ॅडमिरल रूस नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने १८५५पासून १८७७पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इंग्लंडमधल्या घोड्यांची वजने ठरवली. घोड्याच्या वयानुसार वजनाचे कोष्टक त्यानेच बसवले. हँडिकॅप लावणाऱ्याचे स्वप्न असे मानतात की शर्यतीतले सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषा ओलांडतील. कोणीच न जिंकणे हे ज्या पंचाचे परमोच्च यश, त्याच्या न्यायाकडे जरा संशयानेच पाहिले पाहिजे.

मुंबईत भायखळ्याच्या जुन्या मैदानावर आणि १८८३पासून महालक्ष्मीवर हे सगळे आले. तेव्हा भेंडी बाजारात अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते. समुद्रमार्गे आलेले अरबी घोडे तिथे विकले जात. लहान घोड्यांच्या शर्यतींत उंचीवरून वजन ठरे: जितका घोडा उंच, तितके ओझे अधिक. हे न्याय्य दिसते. पण मापाची काठी आली की माप चुकवण्याची विद्याही येते. घोड्याचे खूर तासून घ्यायचे, मापाच्या वेळी त्याने खांदे पाडून उभे राहावे म्हणून सवय लावायची. आज उंचीच्या जागी गुण आले आहेत. घोड्याच्या कामगिरीवरून त्याला गुण मिळतात आणि साधारण एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने वजन चढते. मग चलाखीही बदलते. खुराऐवजी लगाम आवळला जातो. दोन-तीन शर्यतींत घोडा मागे ठेवायचा, गुण उतरू द्यायचे आणि हलक्या वजनावर मोठी शर्यत मारायची. जी पद्धत जिंकण्यावर कर बसवते, ती हरण्याला बक्षीस देते.

एक गोष्ट मात्र रेसकोर्सवाल्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलेली आहे. इंडियन डर्बी हँडिकॅपवर पळत नाही. तिथे सर्वांवर ठरलेले वजन असते, फक्त मादीला दीड किलोची सूट. १९४३ची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनेच मारली. ‘सर्वांत चांगला घोडा कोणता?’ हा प्रश्न असला की शिशाच्या पट्ट्या खाली उतरतात. ‘शर्यत रंगेल कशी, पैसे लागतील कसे?’ हा प्रश्न असला की त्या पुन्हा चढतात.

आपल्या मुलखातली कुस्ती या वाटेने कधी गेली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या यात्रांमध्ये पैलवान फडात फेरी मारतो, जोड शोधली जाते, पंच आणि वस्ताद दोघांना शेजारी उभे करून नजरेने तोलतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत हाच रिवाज. जोड जमली नाही, तर लोकच आरडाओरडा करतात. मोठ्या पैलवानाच्या पाठीवर पोते बांधून त्याला लहानाशी लढवावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. बरोबरीच्याला बरोबरीचा, एवढेच. ऑलिम्पिकने हेच काम तराजूवर सोपवले. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. पण तराजूला डोळे नसतात. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि आदल्या दिवशी जिंकलेले सारे पुसले गेले. गट पाडले की गटाला कडा येते, आणि कडेवर कोणीतरी उभे असतेच.

आता आकाशात जाऊ. सोलापूरहून पुण्याला जाताना शहर सुरू होता होता हडपसरला ग्लायडिंग सेंटरचे मैदान लागते. बिनइंजिनाची विमाने तिथे विंचच्या तारेने वर खेचतात. भारतात साठ-सत्तर वर्षांपूर्वी नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायडर बनवले, तेव्हा त्यांना नक्षत्रांची नावे दिली. ‘अश्विनी’ १९५८ साली उडाले, ‘रोहिणी’ १९६१ साली, ‘कार्तिक’ १९६३ साली. पुढे ‘मृगशीर’, ‘आर्द्रा’. सरकारी खात्याला इतके सुंदर नाव क्वचितच सुचते.

ग्लायडरची शर्यत म्हणजे ठरवून दिलेली वळणे घेऊन परत यायचे, कमीत कमी वेळात. इंधन नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची, तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती उंची पुढच्या अंतरावर खर्चायची. एप्रिलमध्ये आमच्याकडे काळी रानं भेगाळतात, वावटळी उठतात आणि त्यांच्या वर घारी पंख न हलवता फिरत असतात, तेच शास्त्र. पण जुने लाकडी शिकाऊ ग्लायडर एक किलोमीटर उंचीच्या मोबदल्यात वीस-पंचवीस किलोमीटर जाते, तर लांब पंखांचे आधुनिक यंत्र साठच्या घरात. दोघांची शर्यत लावली, तर वैमानिक जिंकला की त्याच्या बापाची तिजोरी?

या प्रश्नाला ग्लायडिंगवाल्यांनी तीन उत्तरे देऊन पाहिली. पहिले, कुस्तीसारखे गट: १९५८ साली १५ मीटर पंखांचा ‘स्टँडर्ड’ वर्ग आला. दुसरे, सर्वांना एकच यंत्र: पोलंडचे पीडब्ल्यू-५ हे स्वस्त ग्लायडर निवडून १९९७ साली तुर्कस्तानात त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. पण लोकांना ते यंत्रच फारसे आवडले नाही आणि तो वर्ग दोन दशकांत गुंडाळला गेला. तिसरे, हँडिकॅप. प्रत्येक प्रकारच्या ग्लायडरला एक आकडा. मंद यंत्राचा वेग त्या प्रमाणात वाढवून धरायचा. जुन्या यंत्रांच्या ‘क्लब’ वर्गाच्या जागतिक स्पर्धा याच पायावर चालतात. पहिली २००१ साली ऑस्ट्रेलियात गॉलरला झाली. दिवसाला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि ते या सुधारलेल्या वेगावरून वाटले जातात.

ही घोड्यांच्या हँडिकॅपची नक्कल नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. तिथे ओझे कर्तबगारीवर पडते. इथे आकडा यंत्राला चिकटलेला आहे, माणसाला नाही. गतवर्षीचा विजेता यंदाही त्याच आकड्यावर उडतो. विकत घेता येते ते वजा करायचे, शिकावे लागते ते शाबूत ठेवायचे. माझ्या मते हँडिकॅप या कल्पनेला लाभलेले हे सर्वांत सभ्य रूप आहे.

अपंग खेळाडूंच्या स्पर्धांमध्येही हाच प्रयत्न आहे, फक्त यंत्राच्या जागी शरीर. आमच्या जिल्ह्यातल्या करमाळ्याचा सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण त्याने मिळवले, ते एस-७ या गटात. शारीरिक अपंगत्वाचे एस-१ ते एस-१० असे दहा गट. आकडा लहान, तितकी मर्यादा मोठी. एकाच गटात कोणाला हात नसतात, कोणाचे पाय चालत नाहीत. पॅरा स्कीइंगमध्ये तर ग्लायडरसारखाच गुणक असतो. घड्याळातली वेळ त्याने गुणून निकाल लावतात. इथे ‘हँडिकॅप’ शब्दाचे दोन्ही अर्थ एका जागी येतात, आणि आकडा चुकला तर कोणाच्या आयुष्याची मेहनत वाया जाईल, हेही स्पष्ट दिसते. असा प्रत्येक आकडा ही सरासरी आहे. खेळाडू मात्र सरासरी पाण्यात पोहत नाही आणि वैमानिक सरासरी हवेत उडत नाही.

हे कागदावर मांडून पाहू. एक ग्लायडर शांत हवेत ताशी १०० किलोमीटरची सरासरी राखते, दुसरे ८०ची. म्हणून दुसऱ्याच्या वेगाला १.२५ने गुणायचे, असा नियम. दोन्ही वैमानिक तंतोतंत सारखेच कुशल समजू. १०० किलोमीटर जायचे आणि १०० परत यायचे. वारा नसेल, तर पहिला २ तासांत येतो, दुसरा अडीच तासांत. ८० गुणिले १.२५ म्हणजे १००. बरोबरी. न्याय झाला.

आता २० किलोमीटरचा वारा सुटला, जाताना पाठीवर, येताना तोंडावर. पहिल्याचा वेग जाताना १२०, येताना ८०. एकूण २ तास ५ मिनिटे, सरासरी ९६. दुसऱ्याचा जाताना १००, येताना ६०. एकूण २ तास ४० मिनिटे, सरासरी ७५. त्याला १.२५ने गुणले, तर ९४ सुद्धा पुरे होत नाहीत. कौशल्य तेच, नियम तोच, आणि एक जण हरला.

वारा ४०चा झाला, तर पहिला १४० आणि ६०ने जातो-येतो, सरासरी ८४. दुसरा १२० आणि ४०ने. सरासरी ६०, सुधारून ७५. नऊ किलोमीटरचा फरक. स्पर्धेत एवढ्यावर पदकांचे वाटप होते. वारा जाताना मदत करतो आणि येताना अडवतो, म्हणजे जमाखर्च सारखा, असे सहज वाटते. पण वारा पाठीशी असतो तो वेळ थोडा आणि तोंडावर असतो तो जास्त. मंद यंत्र त्या तोंडावरच्या वाऱ्यात दुपार घालवते. यात वैमानिकाचा दोष नाही, आकडा ठरवणाऱ्याचाही नाही. तो आकडा वाऱ्याविना काढलेला होता, एवढेच. शिवाय कमजोर हवेच्या दिवशी हलके ग्लायडर चांगले चढते आणि जोरदार हवेच्या दिवशी जड यंत्र पुढे पळते. तेव्हा तोच आकडा एका दिवशी एकाला खिरापत वाटतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला.

यावर काही ठिकाणी एक वेगळी वाट काढली आहे. वेग गुणण्याऐवजी अंतरच वेगळे द्यायचे. वळणाच्या खुणेभोवती प्रत्येक ग्लायडरसाठी वेगळ्या त्रिज्येचे वर्तुळ. मंद यंत्राचे वर्तुळ मोठे, त्याने अलीकडूनच वळावे. मग सगळे साधारण एकाच वेळी परततात, एकाच हवेत उडतात आणि जो आधी येतो तो जिंकतो. संध्याकाळी गुणाकार करत बसावे लागत नाही. ही पद्धत मला अधिक पटते, कारण तिच्यात निकाल डोळ्यांना दिसतो. यात्रेतल्या जोडीसारखा. तरीही तोंडावरचा वारा तिथेही असतोच. म्हणून काही संयोजक त्या दिवसाचा वारा हिशेबात धरून वर्तुळे आखतात. आमच्या उदाहरणात वारा ४०चा असेल, तर १.२५ऐवजी १.४० हा गुणक लागतो. पण तो सकाळी, ग्लायडर उडण्याआधी ठरवावा लागतो, आणि वारा वाढतो दुपारी.