तांब्याच्या पत्र्यावरचे वेरूळ

जालन्यात इतिहासाचा विषय निघाला, की बोलणे बहुधा असईच्या लढाईवर येऊन थांबते. सप्टेंबर 1803 च्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालना घेतले आणि त्याच महिन्याच्या 23 तारखेस, आज आपल्याच जिल्ह्यात असलेल्या असई गावी, जनरल आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. ही हकिकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच 1803 साली आपल्या या प्रदेशासंबंधी आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. लंडन शहरी चोवीस मुद्राचित्रांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता वेरूळची लेणी. असईच्या तोफा ज्या वर्षी गर्जल्या, त्याच वर्षी साता समुद्रांपलीकडची माणसे कैलास लेण्याचे रूप कागदावर न्याहाळीत होती.

जुन्या जालन्याहून वेरूळ ते काय, सकाळी निघून संध्याकाळी घरी परतावे इतक्या अंतरावर. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे पाहुण्यांना घेऊन तेथे जातात. चौतीस लेणी, त्यांत बारा बौद्धांची, सतरा हिंदूंची व पाच जैनांची. मधोमध उभा डोंगर वरून खाली खोदून काढलेले कैलास मंदिर. आज कोणीही खिशातून यंत्र काढून त्याचे छायाचित्र क्षणात घेतो. छायाचित्रणाचा शोधच लागलेला नव्हता त्या काळी हे दृश्य लंडनपर्यंत कोणी व कसे पोहोचविले, हे जाणून घेण्याजोगे आहे. ज्याच्या नावाने ते पोहोचले त्या जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराचे काम व भ्रमंती हा या लेखाचा विषय आहे. त्याच्या शेजारी उभा राहून काम करणारा, पण त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव नाही असा एक पुणेकर तांबटही या गोष्टीत आहे.

स्कॉटलंडहून पुण्यास

जेम्स वेल्स याचा जन्म 1747 साली स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या बंदरगावी झाला. शिक्षण अ‍ॅबरडीन येथे झाले; चित्रकला मात्र तो बव्हंशी स्वतःच शिकला. पुढे तो लंडनला गेला. तेथील रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली, पण लंडनमध्ये चित्रकारांना तोटा नव्हता. त्या काळी अनेक चित्रकार नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानची वाट धरीत. कंपनी सरकारची परवानगी मिळवून वेल्स 1791 च्या जुलै महिन्यात मुंबईस उतरला. तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस होते. या वयात माणूस सहसा स्थिर होऊ पाहतो. याने नव्या देशात नवा आरंभ केला.

मुंबईत त्याने सभोवारची दृश्ये रेखाटण्यास प्रारंभ केला. मलबार टेकडीवरून दिसणारी मुंबई, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा खाडीचा मुलूख अशा बारा दृश्यांचा त्याचा संच 1800 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ती चित्रे पाहिली म्हणजे आजच्या गजबजलेल्या महानगराच्या जागी माडांची बने, भातखाचरे आणि उघडा समुद्रकिनारा पाहून मन थक्क होते.

त्या वेळी पुण्याच्या दरबारी सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. मोठा धूर्त मुत्सद्दी. टिपू सुलतानाविरुद्ध 1790 साली पेशव्यांशी झालेला तह त्याच्याच खटपटीचे फळ. परंतु त्याला प्राचीन अवशेषांचेही मनापासून वेड होते. त्याने वेल्सला पुण्यास बोलावून घेतले. तेथे वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. ही माणसे डोळ्यांनी पाहून काढलेली असल्यामुळे त्या चित्रांचे मोल मोठे आहे. शनिवारवाडा 1828 साली आगीत भस्मसात झाला. ज्या भिंतींनी ती माणसे पाहिली त्या गेल्या. कापडावरचे रंग मात्र राहिले.

दरबारातील या प्रतिष्ठेत समाधान मानून वेल्स स्वस्थ बसला असता, तर त्याची आठवण केवळ व्यक्तिचित्रकार म्हणून राहिली असती. पण त्याचे मन ओढले ते लेण्यांकडे. घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, कार्ले अशा ठिकाणी तो मापे घेत, रेखाटने करीत हिंडला. 1793 साली थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे प्रख्यात चित्रकार, सात वर्षे हिंदुस्थान पालथा घालून, मायदेशी परतण्यासाठी मुंबईस आले. वेल्सने त्यांना आसपासची लेणी दाखविली. या ओळखीचे महत्त्व त्या वेळी कोणाला कळले असेल असे वाटत नाही; पण वेल्सचे काम पुढे जगापुढे आले ते या मैत्रीमुळेच.

तांबट आळीचा गंगाराम

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळू. त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याच्या तांबट समाजातला हा कारागीर. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू झाली होती, तिच्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. तथापि वेल्स पुण्यास येण्यापूर्वीच तो मॅलेटसाठी चित्रे काढीत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र 1790 सालचे आहे. पुढे मॅलेट व वेल्स यांच्यासाठी त्याने लेण्यांची रेखाटने केली. वेरूळच्या कामातही त्याचा हात होता.

हे काम किती कष्टाचे, याची कल्पना करून पाहावी. अंधाऱ्या गुहेत दिवट्यांच्या उजेडात खांब मोजायचे, त्यांच्यामधील अंतरे मोजायची, वटवाघळांच्या दुर्गंधीत तासन्‌तास उभे राहून एकेक मूर्ती कागदावर उतरवायची. गंगारामच्या चित्रांत पाश्चात्त्य पद्धतीचे यथादर्शन व आपल्याकडील रेषेची परंपरा शेजारी शेजारी दिसतात. तो साहेबाची नक्कल करीत नव्हता. नवे शिकत होता आणि जुने सोडीत नव्हता. आपल्या ख्रिस्ती समाजाला ही अवस्था अपरिचित नाही.

चित्राचा ठसा कसा उमटे

येथे वाचकांसाठी मुद्राचित्राची कृती थोडक्यात सांगितली पाहिजे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर मेणाचा पातळ थर देत. त्या मेणावर अणकुचीदार सुईने चित्र रेखाटीत. जेथे सुई फिरे तेथे तांबे उघडे पडे. मग त्यावर तेजाब ओतीत. तेजाब उघड्या तांब्याला खाई आणि रेषा पत्र्यात खोल उतरे. यास अम्लरेखन म्हणतात. छाया दाखविण्यासाठी पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो पुन्हा तेजाबात घालीत. त्यामुळे जलरंगासारखी मऊ सावली छापता येई. शेवटी पत्र्याला शाई लावून पृष्ठभाग पुसून काढीत. शाई फक्त खाचांत राही. ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला, की ठसा उमटे. पुष्कळदा त्यावर हाताने रंग भरीत. ठसा उलटा उमटत असल्याने पत्र्यावर सारे चित्र उजवे-डावे फिरवून काढावे लागे.

या कृतीचे बळ असे, की एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. या बळाचा अर्थ आपल्या भागातील दुसऱ्या एका घटनेवरून स्पष्ट होतो. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला 1844 साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून त्या केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या असता 1866 च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. गिल पुन्हा कामाला लागला आणि 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. कापडावरचे चित्र एकच असते. ते गेले की गेले. ठशाचे चित्र अनेक घरांत असते, म्हणून टिकते.

अपुरे काम, पुरे करणारे हात

वेल्सला स्वतःच्या हाताने हे काम शेवटास नेता आले नाही. 27 ऑक्टोबर 1795 रोजी अवघ्या एकविसाव्या वर्षी सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर महिन्यात, साष्टीतील लेण्यांच्या कामात असता वेल्स तापाने वारला. वय अठ्ठेचाळीस. मागे राहिल्या त्याच्या मुली आणि रेखाटनांचे गठ्ठे. मॅलेटने दोहोंचीही काळजी वाहिली. विलायतेस परतल्यावर 1799 साली त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी विवाह केला आणि रेखाटने थॉमस डॅनियलच्या स्वाधीन केली.

अशा रीतीने 1803 चा तो वेरूळ-संग्रह जन्मास आला. त्याच्या मुखपृष्ठावर जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली असा उल्लेख आहे. स्वतः डॅनियलने वेरूळ कधी पाहिले नव्हते. पेशव्यांच्या दरबाराचे जे भव्य तैलचित्र त्याने 1805 साली पूर्ण केले, तेही वेल्सच्या अभ्यासचित्रांवरूनच. तो दरबारही त्याने पाहिलेला नव्हता. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या साक्षीवर विश्वास ठेवून प्रामाणिकपणे रेखाटणे, ही लहान गोष्ट नव्हे. मृत मित्राचे नाव डॅनियलने गाळले नाही, हेही त्याच्या मोठेपणात जमा केले पाहिजे.

मात्र गंगारामचे नाव तेथे नाही.

जुन्या मुद्राचित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत नावे छापण्याची रूढी होती. डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव आणि लॅटिन शब्द ‘पिंक्सित’, म्हणजे ‘याने रंगविले’, किंवा ‘देलिनेआवित’, म्हणजे ‘याने रेखाटले’. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे नाव आणि ‘स्कुल्प्सित’, म्हणजे ‘याने कोरले’. सेमिनरीत लॅटिन शिकताना ही क्रियापदे आम्ही नुसती घोकली. त्यांच्यात कारागिराला त्याचा मान देण्याची केवढी सुंदर पद्धत दडली आहे, हे जुनी चित्रे पाहताना ध्यानी येते. परंतु ज्याने माप धरले, ज्याने दिवटी उंचावली, ज्याने पहिली रेषा ओढली, त्याच्यासाठी त्या रूढीत क्रियापदच नव्हते. आणि विलक्षण योगायोग असा, की हा सारा व्यवहार ज्या धातूवर चालला तो तांबे, आणि आपला गंगाराम जातीने तांबट.

हे वेल्सवरचे किटाळ नव्हे. त्याने रोजनिशी लिहिली, गंगारामसोबत काम केले, आणि त्या दोघांचे कागद एकत्र जपले गेले. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात वेल्सच्या रोजनिशा व गंगारामची चित्रे आज आहेत. तेथे 2011 साली भरलेल्या एका प्रदर्शनानंतर आणि अलीकडच्या संशोधनामुळे गंगाराम तांबट हे नाव कलेच्या इतिहासात मानाने घेतले जाऊ लागले आहे. दोनशे वर्षांनी का होईना, चित्राच्या कोपऱ्यातली रिकामी जागा भरली. हे शक्य झाले, कारण गंगारामची चित्रे कोणीतरी टाकून दिली नाहीत आणि त्यांवरचे नाव पुसले गेले नाही.

वाचकहो, या गोष्टीचा आपल्याशी संबंध आहे. आपल्या घराघरांत भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची किंवा पवित्र मरियेची तसबीर असते. तीही मुद्राचित्रांच्या याच मोठ्या कुळातली. तिच्या तळाशी छापखान्याचे वा चित्रकाराचे नाव असते. चौकटीच्या पट्टीखाली ते झाकलेले राहते. आपल्या मराठवाड्यातील जुन्या चर्चवास्तूंचे दगड कोणी घडविले, वेदीचे लाकूडकाम कोणी केले, पहिल्या गायनवृंदाला कोणी शिकविले, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून काही घरांत आहेत. धर्मग्रामाच्या नोंदवहीत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची नोंद होते. हातांच्या कामाची होत नाही. ते काम घरच्या माणसांनीच करावयाचे आहे. जुन्या छायाचित्राच्या पाठीमागे चार नावे आणि एक साल लिहून ठेवण्यास कितीसा वेळ लागतो?

पुढच्या खेपेस मुलाबाळांना घेऊन वेरूळला जाल, तेव्हा कैलासाच्या अंगणात क्षणभर उभे राहून त्यांना ही हकिकत अवश्य सांगा. हा डोंगर खोदणाऱ्या हजारो हातांची नावे काळाने आपल्यासाठी ठेवली नाहीत. पण त्याचे चित्र कागदावर उतरविणाऱ्यांत जेम्स वेल्स होता आणि गंगाराम तांबट होता. ही दोन्ही नावे आपल्याला माहीत आहेत. ती एकत्रच सांगावीत.